पन्नासचं थिंबल

निवृत्ती झेंडे महिनाभर
उतार बघून टेम्पो लावत होता.
सासवडहून पहाटे अंजीर घेऊन निघायचा,
मार्केट यार्डात आधी उतार शोधायचा, मग गाळा.
चहासुद्धा उतारावरचाच.
दोन बॅटऱ्या बदलल्या, स्टार्टर बांधून घेतला,
तरी किल्ली फिरवली की
टक्.
नुसतं टक्.
शेवटी गाडीतळावर माझ्याकडे आला.
म्हणाला, ताई, हल्ली बॅटऱ्याच खोट्या देतात.

मीटरचं एक टोक मी बॅटरीच्या खुंटीवर धरलं,
दुसऱ्याची सुई केबलच्या तांब्यात खुपसली.
मार किल्ली.
टक्.
चार बोटांच्या अंतरात
दोन व्होल्ट बेपत्ता.

केबल सोडवली, निगेटिव्ह आधी.
थिंबलाच्या गळ्याशी चिकटपट्टी, काळी, वितळलेली,
तिच्याखाली मोरचुदाची हिरवी बुकटी.
जुन्या टूथब्रशनं झाडली
तर दोन ठिपके दिसले, शेजारी शेजारी.

गुलाबचाचांचा पंच.

दुकान तेव्हा त्यांचं होतं, मी अठराची.
थिंबल बसवताना तांबोळीचाचा बोलायचे नाहीत.
पात्याची धार रबरातच थांबली पाहिजे,
एका तारेलाही ओरखडा नको.
नळी आधी केबलवर सरकवायची, मग थिंबल.
हे मी रोज विसरायचे
आणि दाबून झालेलं थिंबल हातात धरून
बाकावरच्या नळीकडे बघत बसायचे.
मग साचा, मग हँडल,
षटकोन उमटला की पंच घेऊन
दोन ठोके.
एकदा त्यांनी आपलंच एक थिंबल
करवतीनं आडवं कापून दाखवलं:
आत तारा नव्हत्याच,
जुन्या एक पैशासारखी एक चकती, लाल, सलग.

म्हणून मीही करवत घेतली.
चाचांच्या हातचं पुन्हा एकदा बघावं म्हणून, खरं सांगायचं तर.
पातं फार सहज आत गेलं.
आत फट. काळवंडलेल्या तारा, सुट्या,
आणि एका कडेनं तोडलेल्या,
पक्कडीनं, घाईनं.
थिंबल पालथं केलं.
आकडा होता पस्तीस.

मग तो दिवस आठवला.
बंद होता कसलासा, नाना पेठेत सगळी शटर्स खाली,
डब्यात पन्नासचं एकही नाही,
बाहेर गिऱ्हाईक हॉर्नवर हात ठेवून,
चाचा नमाजाला.
मी बाहेरच्या तारा छाटल्या,
उरलेल्या पस्तीसमध्ये कोंबल्या,
साचा पन्नासचाच लावला होता, तोच फिरवला.
नळी अर्थातच विसरले. वर चिकटपट्टी.
चाचा आले, केबल हातात घेतली,
डोळ्यांपाशी नेली,
आणि ठोकले दोन ठिपके.

चष्मा घातला होता का त्यांनी?
बावीस वर्षांनी हे मी कुणाला विचारू?
एवढंच आठवतं की दुसऱ्या दिवशी सकाळी
सगळे डबे माझ्यापुढे पालथे केले
आणि म्हणाले, आकडे बघून निवड.
दुपारपर्यंत निवडत होते.

केबल चार बोटं मागून कापली,
काळं संपून लाल लागेपर्यंत.
नळी आधी.
पन्नासचं थिंबल, पन्नासचा साचा,
हँडल पुढे जाईना तोवर.
पंच खिळ्याला लटकत होता, तसाच राहू दिला.
निगेटिव्ह शेवटी.
मार किल्ली.

अंजिराच्या पाट्यांसकट टेम्पो हलला.
मी थिंबलाला बोट लावून बघितलं.
गार.

किती झाले, ताई?
थिंबलाचे दे. नळीचे दहा.
आणि मजुरी?
नको.
का, ते त्यानं विचारलं नाही,
फुकटाचं कारण कुणी विचारत नाही.

सोलापूर रस्त्याच्या कडेला, पलीकडच्या टपरीसमोर,
अगदी सपाटीवर
त्यानं टेम्पो उभा केला
आणि इंजिन बंद केलं.

दोन चहा होतील एवढा वेळ
मी पान्याला फडकं पुसत
दारातच उभी.